वसई : किल्ला की शहर? एका पोर्तुगीज नगराच्या इतिहासलेखनाची आणि वारशाची समीक्षा

सारांश

इ. स. १५३४ ते १७३९ या दोनशे पाच वर्षांच्या काळात वसई हे पोर्तुगीजांच्या उत्तर प्रांताचे मुख्य शहर होते. मराठी इतिहासलेखनात व लोकस्मृतीत मात्र वसईचा उल्लेख मुख्यतः चिमाजी अप्पांनी जिंकलेला किल्ला असाच येतो. प्रस्तुत लेखात वसईविषयीच्या बखरी, पत्रव्यवहार, गॅझेटियर आणि आधुनिक संशोधनग्रंथ या साधनांची समीक्षा केली आहे. प्रत्येक साधनाने वसईचा कोणता भाग पाहिला व कोणता पाहिला नाही, हे तपासले आहे. ‘किल्ला’ या एकाच संज्ञेमुळे नगराचा वारसा दुर्लक्षित राहिला, त्याचा परिणाम जतनाच्या कार्यावर आणि स्थानिक समाजाच्या आत्मभानावरही झाला, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : वसई, उत्तर प्रांत, नागरी वारसा, बखर, कोरलेख, उत्तर कोकणातील ख्रिस्ती समाज.

१. प्रस्तावना

महाविद्यालयांच्या अभ्याससहली वसईला नेहमी जातात. पारनाका, झेंडाबाजार ओलांडून रस्ता तटाच्या आत शिरतो आणि पुढे किल्लाबंदरच्या कोळीवाड्यापर्यंत पोहोचतो. विद्यार्थ्यांचे प्रश्न बहुधा ठरलेले असतात. सुरुंग कोणत्या बुरुजाला लावला? तोफा कोठे होत्या? मराठे कोणत्या बाजूने आत शिरले? हे प्रश्न योग्यच आहेत. परंतु ज्या भग्न भिंतींमधून हे विद्यार्थी चालत असतात, त्यांपैकी बहुतेक भिंती लढाईसाठी बांधलेल्या नाहीत. त्या चर्चच्या, मठांच्या, विद्यालयांच्या, धर्मादाय संस्थेच्या आणि राहत्या घरांच्या भिंती आहेत. त्यांच्याविषयी प्रश्न विचारला जात नाही, कारण त्यांच्याविषयी आपण वर्गात काहीच सांगितलेले नसते.

सुमारे ११० एकरांच्या या तटबंद क्षेत्राला आज आपण सरसकट ‘वसईचा किल्ला’ म्हणतो. पोर्तुगीज राजवटीत याच जागेची ओळख काय होती, याचे उत्तर तिथल्याच एका कोरलेखात सापडते. २२ फेब्रुवारी १५५४ रोजी सेंट सेबॅस्टियन बुरुजाची स्थापना झाल्याचे सांगणाऱ्या या लेखात पोर्तुगालचा राजा तिसरा जुआंव, व्हाइसरॉय अफोन्सु द नोरोन्हा यांच्यासह फ्रान्सिस्कु द सा याचे नाव येते. त्याला ‘या किल्ल्याचा आणि शहराचा’ कॅप्टन म्हटले आहे. किल्ला आणि शहर असे दोन्ही शब्द त्या लेखात आहेत. कालांतराने आपल्या भाषेत त्यांपैकी एकच उरला. दुसरा शब्द कसा गळून पडला आणि त्याबरोबर काय काय गेले, हा या लेखाचा विषय आहे.

२. नगराची घडण : एक धावता आढावा

वसईचा परिसर पोर्तुगीजांच्या आगमनापूर्वीही ओसाड नव्हता. जवळच्या सोपाऱ्याला प्राचीन शूर्पारक बंदराची परंपरा आहे. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेथे अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा व स्तूप उजेडात आणला. सोळाव्या शतकाच्या आरंभी हा प्रदेश गुजरातच्या सुलतानांकडे होता. १५३३ मध्ये गव्हर्नर नुनु द कुन्हा याने वसईवर हल्ला करून मलिक तुघानची तटबंदी पाडली. हुमायूनच्या स्वारीच्या भीतीने पोर्तुगीजांचे साहाय्य हवे असलेल्या सुलतान बहादुरशहाने २३ डिसेंबर १५३४ च्या तहाने वसई व तिच्या ताब्यातील मुलूख पोर्तुगीजांना दिला. या मुलुखात साष्टी आणि मुंबईची बेटेही होती. पुढे मुंबई १६६१ च्या विवाहतहाने इंग्रजांकडे गेली आणि १६६५ मध्ये प्रत्यक्ष त्यांच्या ताब्यात आली. म्हणजे आजच्या महानगराचा कारभार सव्वाशेहून अधिक वर्षे वसईच्या छायेखाली चालला होता. मुंबईचा इतिहास शिकवताना ही गोष्ट सहसा तळटीपेतच राहते.

पहिला कॅप्टन गार्सिया द सा याने नुनु द कुन्हाच्या आज्ञेवरून १५३६ मध्ये किल्ला बांधल्याची नोंद बालेकिल्ल्याच्या दरवाजावरील लेखात होती. या छोट्या बालेकिल्ल्याभोवती नगर वाढत गेले. नगराभोवती पुढे बुरुजांची मोठी तटबंदी उभी राहिली. तिला जमिनीकडे एक आणि समुद्राकडे एक असे दोन मुख्य दरवाजे होते. आत मुख्य चौक, कॅप्टनचा वाडा, न्यायकचेरी, तुरुंग व मिझरिकॉर्डिया ही धर्मादाय संस्था यांची उभारणी झाली. सेंट जोसेफचे मुख्य चर्च होतेच. शिवाय फ्रान्सिस्कन, जेझुइट, डॉमिनिकन व ऑगस्टिनियन संघांचे मठ आणि चर्च होती. सेंट जोसेफच्या दर्शनी भागावरील लेखात १६०१ मधील पुनर्बांधणीची नोंद आहे. ती आर्चबिशप आलेइशु द मेनेझिस यांच्या काळात झाली. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातील नोंदींनुसार शहरात सुमारे ४०० पोर्तुगीज व २०० एतद्देशीय ख्रिस्ती कुटुंबे होती. त्यांच्या सेवेतील गुलामांची संख्या या कुटुंबांच्या संख्येहून कितीतरी मोठी होती. वैभवाची वर्णने वाचताना या शेवटच्या बाबीचा विसर पडू देता कामा नये.

नगराचा ऱ्हास एका दिवसात झाला नाही. १६१८ च्या भीषण वादळाने येथे मोठी हानी केली. १६७४ मध्ये मस्कतच्या अरबांनी परिसर लुटला. शतकाच्या अखेरीस रोगराईने वस्ती विरळ केली. १६९५ मध्ये आलेल्या जेमेली कारेरी या इटालियन प्रवाशाने साथीचा उल्लेख केला आहे. १७३९ मध्ये मराठ्यांनी जिंकलेले शहर शंभर वर्षांपूर्वीचे भरभराटीचे शहर राहिले नव्हते. विजयाचे मोल त्यामुळे कमी होत नाही. पण ऱ्हासाची सर्व कारणे एकाच घटनेत शोधण्याची सवय मात्र सोडावी लागते.

३. बखर आणि पत्रे : तटाबाहेरून पाहिलेली वसई

उत्तर कोकणाच्या इतिहासासाठी मराठी साधनांत दोन बखरींना विशेष महत्त्व आहे. पहिली महिकावतीची बखर. ही १९२४ मध्ये वि. का. राजवाडे यांनी संपादित केली. दुसरी साष्टीची बखर, वसई मोहिमेच्या अनुषंगाने आलेली. पहिलीत या प्रदेशातील जुन्या कुळांची, वतनांची आणि राजसत्तांच्या उलथापालथीची स्मृती आहे. दुसरीत फिरंगी अंमलाविरुद्ध स्थानिक मंडळींनी केलेल्या दीर्घ खटपटीचे वृत्त येते. अंजूरच्या गंगाजी नाईकांसारख्या माणसांनी वर्षानुवर्षे संधान बांधले नसते, तर पुण्याहून आलेल्या फौजेला ही मोहीम इतक्या नेटाने चालवता आली नसती. हे सत्य बखरीमुळे टिकले. पेशवे दप्तरातील आणि ब्रह्मेंद्रस्वामींच्या पत्रव्यवहारातील मजकूर त्याला दुजोरा देतो आणि मोहिमेत किती रक्त सांडले याचीही जाणीव करून देतो.

ही साधने प्रजेच्या गाऱ्हाण्याची नोंद करतात, ही त्यांची सर्वांत मोठी बाजू आहे. देवळे पाडली गेली, धर्मकृत्यांवर बंदी आली, जमिनी गेल्या, सक्तीची धर्मांतरे झाली. या तक्रारींना पोर्तुगीज कागदपत्रांतूनही आधार मिळतो. गोव्यात १५६० मध्ये स्थापन झालेल्या इन्क्विझिशनचा हात उत्तर प्रांतापर्यंत पोहोचत होता. बोरिवलीजवळील मंडपेश्वरच्या शैव लेण्यांचे फ्रान्सिस्कनांनी चर्चमध्ये रूपांतर केले. त्याचे अवशेष आजही पाहता येतात. वारशाच्या नावाखाली हा भाग झाकणे म्हणजे इतिहासाशी अप्रामाणिकपणा ठरेल.

मात्र या साधनांची मर्यादाही त्यांच्या स्वरूपातच आहे. वेढा घालणाऱ्याला शहराचे जे दिसते ते तट, बुरूज, खंदक, दलदल आणि दरवाजे. १७ फेब्रुवारी १७३९ पासून सुरू झालेल्या वेढ्याचे वर्णन सुरुंग, मोर्चे आणि शिड्यांचे असणे स्वाभाविक आहे. मे महिन्यात सुरुंग उडाले, १६ मे रोजी तहाची कलमे ठरली, २३ मे रोजी पोर्तुगीज बाहेर पडले आणि तिथे वृत्त संपते. म्हणजे ज्या क्षणी निवेदक तटाच्या आत पाऊल टाकतो, त्याच क्षणी त्याचे निवेदन थांबते. आत काय होते हे सांगण्याचे त्याला प्रयोजन नव्हते. त्याबद्दल बखरकाराला दोष देता येणार नाही. दोष आहे तो बखरकाराची नजर दोनशे वर्षांनंतरही जशीच्या तशी वापरणाऱ्या आपल्या पाठ्यपुस्तकांचा आणि मार्गदर्शिकांचा. तोफेच्या तोंडी माझे मस्तक बांधून ते तरी किल्ल्यात पडू द्या, असे चिमाजी अप्पा म्हणाल्याची आख्यायिका शाळेत सर्वांनी ऐकलेली असते. मस्तक ज्या शहरात पडायचे होते, ते कसे होते हे मात्र कोणी सांगत नाही.

४. दा कुन्हा आणि गॅझेटियर : भग्नावशेषांचे दोन वाचक

तटाच्या आतली वसई प्रथम सविस्तर मांडली ती डॉ. जे. गेर्सन दा कुन्हा यांनी. गोव्यात जन्मलेल्या आणि मुंबईत वैद्यकी करणाऱ्या या विद्वानाचा चौल व वसईच्या इतिहासावरील इंग्रजी ग्रंथ १८७६ मध्ये प्रसिद्ध झाला. झाडाझुडपांतून वाट काढत त्यांनी थडग्यांवरील व भिंतींवरील लेख वाचले, पोर्तुगीज ग्रंथांतील उल्लेखांशी ताडून पाहिले आणि प्रत्येक मठाचा वृत्तान्त लिहिला. पुढे ब्राझ फर्नांडिस यांनी वसईतील कुलचिन्हे व कोरलेख यांवर स्वतंत्र पोर्तुगीज ग्रंथ सिद्ध केला. तो १९५७ मध्ये लिस्बनहून निघाला. मूळ दगड झिजत असताना या दोघांनी केलेली नक्कल हीच आता अनेक ठिकाणी आपली आधारशिला आहे.

दा कुन्हांच्या ग्रंथाचा सूर मात्र विलापाचा आहे. सरदारांचे वाडे, मिरवणुका, सणसमारंभ आणि त्या पार्श्वभूमीवर उभी असलेली उजाड भिंत, असा विरोध त्यांना वारंवार खुणावतो. या चित्रात उमराव आहेत, धर्मगुरू आहेत, प्रवासी आहेत. भिंतीचा दगड फोडणारा पाथरवट, चुना मळणारी बाई, गलबताला फळ्या जोडणारा सुतार आणि खंड भरणारा कुणबी दिसत नाहीत. वास्तविक वसईचा दगड दूरवर प्रसिद्ध होता. जुन्या गोव्यातील बॉम जेझुस बॅसिलिकेच्या दर्शनी भागात वसईहून नेलेल्या काळ्या बेसॉल्टचा उपयोग केलेला आहे. गोव्याचे ते चर्च १९८६ पासून जागतिक वारसा यादीत आहे. त्याचा दगड जेथून गेला ते शहर, त्या दगडावर हात चालवणाऱ्या कारागिरांचे गाव, कोणत्याही यादीत नाही.

१८८२ मध्ये कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली निघालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरची दृष्टी वेगळी आहे. मोजमाप, दिशा, उंची, वर्ष यांची काटेकोर नोंद ही त्याची देणगी. परंतु त्याच्या मांडणीत एक न बोललेला निष्कर्ष दडलेला असतो. पोर्तुगीज धर्मवेडाने बुडाले, मराठे लुटीने थांबले आणि अखेर सुव्यवस्था आली ती इंग्रजांमुळे. १७८० मध्ये जनरल गॉडर्डने वसई घेतली. १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती मराठ्यांना परत मिळाली. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने येथेच इंग्रजांशी तह केला. या साऱ्या घटना गॅझेटियरच्या कथनाला सोयीच्या आहेत. पण एकोणिसाव्या शतकात हेच नगर साखरेच्या कारखान्यासाठी भाड्याने दिले गेले होते. ही बाब त्याच सुव्यवस्थेविषयी पुरेसे सांगून जाते. आश्चर्य असे की स्वातंत्र्यानंतरच्या अनेक मराठी माहितीपुस्तकांनी गॅझेटियरमधील मोजमापे उचलली आणि त्यामागील दृष्टीही नकळत स्वीकारली.

५. पिसुर्लेकर आणि केळकर : दोन्ही बाजूंचे कागद

विसाव्या शतकात दोन अभ्यासकांनी या विषयाला भक्कम पाया दिला. य. न. केळकर यांनी वसईच्या मोहिमेचा स्वतंत्र ग्रंथ लिहून मराठी कागदपत्रांची संगती लावली. गोव्याच्या दप्तरखान्याशी आयुष्यभर निगडित राहिलेल्या डॉ. पांडुरंग पिसुर्लेकर यांनी पोर्तुगीज कागदांच्या आधारे पोर्तुगीज-मराठे संबंधांचा मागोवा घेतला. त्यांच्या लेखनामुळे तहाच्या वाटाघाटी, सैन्याची स्थिती, गोव्याहून मदत न पोहोचण्याची कारणे या गोष्टी अनुमानाच्या पातळीवरून पुराव्याच्या पातळीवर आल्या. पोर्तुगीज आपले शस्त्र व सामान घेऊन सन्मानाने बाहेर पडले आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्ती प्रजेला धर्माचरणाची मुभा मिळाली, ही कलमेही अभ्यासकांच्या समोर आली.

या कलमांचे मोल अजून आपल्या अध्यापनात उतरलेले नाही. धर्माच्या नावावर झालेल्या जाचाविरुद्ध उभ्या राहिलेल्या मोहिमेच्या शेवटी विजेत्याने पराभूतांच्या धर्माला अभय द्यावे, ही घटना सुरुंगाइतकीच लक्षणीय आहे. चिमाजी अप्पांची थोरवी सांगायची असेल तर वज्रेश्वरीच्या नवसाबरोबर हे कलमही सांगितले पाहिजे. तेव्हाच विद्यार्थ्याला कळेल की १७३९ नंतर वसईत ख्रिस्ती समाज उरला तो अपवादाने किंवा चुकून नव्हे. तहातील वचनाने तो तेथे राहिला.

तथापि केळकर आणि पिसुर्लेकर हे दोघेही राजकीय इतिहासाचे अभ्यासक होते. सत्ता, सैन्य आणि तह हा त्यांचा प्रांत. रस्त्यांची आखणी, घरांची रचना, बाजार, पाण्याची सोय, विहिरी, दफनभूमी यांचा अभ्यास त्यांनी करावा अशी अपेक्षा नव्हती. तो पुढच्या पिढीने करायचा होता. मराठीत तो फारसा झाला नाही, हे कबूल केले पाहिजे.

६. नगर वाचण्याची काही सूत्रे

तटाच्या आत हिंडताना नगर म्हणून काय वाचता येते, याची तीन उदाहरणे देतो.

पहिले उदाहरण थडग्यांचे. फ्रान्सिस्कन मठाच्या सेंट अँथनी चर्चमध्ये जमिनीत बसवलेल्या समाधिशिळा आहेत. त्यांवर नावे, कुळचिन्हे, पदे, नाती कोरलेली आहेत. या शिळा म्हणजे शहराची गणती आहे. एका शिळेवर पती-पत्नी व वारस यांचा उल्लेख असतो, तर दुसरीवर अधिकारपद. वंशावळींच्या अभ्यासकाला, समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला आणि लिपीच्या जाणकाराला एकत्र बसून काम करण्याजोगी ही सामग्री आहे. दरवर्षी पावसात ती थोडी थोडी पुसली जात आहे.

दुसरे उदाहरण घंटांचे. १७३९ नंतर वसई-साष्टीच्या चर्चमधील अनेक घंटा देशावर नेल्या गेल्या आणि देवळांत टांगल्या गेल्या. नाशिकला गोदातीरी नारोशंकराच्या देवळाची प्रसिद्ध घंटा १७२१ ची आहे. वाईजवळ मेणवलीच्या घाटावरील घंटेवर १७०७ हे साल आहे. भीमाशंकरलाही अशी घंटा आहे. आपण त्यांना विजयचिन्हे म्हणतो आणि त्या तशा आहेतच. परंतु एकेकाळी त्या शहराच्या दिवसाचे प्रहर सांगत. पहाटेची प्रार्थना, दुपार, संध्याकाळ, मृत्यूची वार्ता आणि संकटाची सूचना हे सारे त्यांच्या नादाने कळत असे. देवळात आल्यावर त्यांचा नाद थांबला नाही, फक्त ऐकणारे बदलले. ओतकामाचे साल, वजन, चिन्हे आणि अक्षरे यांसह या घंटांची एकत्रित सूची करून ती वसईच्या चर्चच्या यादीशी ताडली, तर विखुरलेल्या नगराचा एक भाग पुन्हा जुळेल. हे काम महाराष्ट्रातील अनेक महाविद्यालयांना आपापल्या गावी बसून करता येण्यासारखे आहे.

तिसरे उदाहरण माणसांचे. गोन्सालो गार्सिया हा वसईचा. वडील पोर्तुगीज, आई एतद्देशीय. व्यापाराच्या निमित्ताने तो पूर्वेकडे गेला, फ्रान्सिस्कन बंधू झाला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमधील नागासाकी येथे क्रूसावर मारला गेला. १८६२ मध्ये चर्चने त्याला संतपद दिले. त्याच्या चरित्रात वसईचा समुद्र, जेझुइटांची शाळा, मिश्र वंशाच्या मुलाचे दुय्यम स्थान आणि जपानी भाषेवरील त्याचे प्रभुत्व या गोष्टी एकत्र येतात. मकाव, मनिला, नागासाकी यांच्याशी वसई कशी जोडलेली होती हे या एका आयुष्यातून कळते. धार्मिक श्रद्धेच्या कक्षेबाहेरही इतिहासाच्या वर्गात त्याचे स्थान असायला हवे.

७. तटाबाहेरचा वारसा : भाषा आणि समाज

नगर तटाच्या आत पडझड होऊन संपले, पण त्याचा वारसा तटाबाहेर जगत राहिला. सामवेदी कुपारी, वाडवळ, कोळी, पानमाळी अशा समूहांतील ख्रिस्ती कुटुंबे केळीच्या आणि पानाच्या बागा, बावखले, विहिरी, मासेमारी यांच्या आधाराने टिकली. त्यांच्या लग्नविधींत, गाण्यांत, पेहरावात आणि पदार्थांत हिंदू पूर्वपरंपरा व पोर्तुगीज संस्कार यांची वीण स्पष्ट दिसते. सामवेदी बोली ही मराठीची एक जुनी शाखा म्हणून भाषाभ्यासकांना महत्त्वाची वाटते. याच उत्तर कोकणातील ख्रिस्ती समाजासाठी फ्रान्सिस्कु वाझ द गिमाराइश यांचे येशूच्या दुःखसहनावरील पुराण १६५९ मध्ये रचले गेले. फादर स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’ची आठवण सर्वांना असते. या दुसऱ्या पुराणाची मराठीच्या प्राध्यापकांनाही क्वचितच असते.

प्रमाण मराठीतही या संपर्काच्या खुणा कमी नाहीत. बटाटा, पाव, पगार, चावी, लिलाव, घमेले, पिंप हे शब्द आपण परके समजत नाही. हे शब्द स्वयंपाकघर, बाजार, बांधकाम आणि चाकरी यांतले आहेत. ते युद्धात येत नाहीत, शेजारपणात येतात. किल्ल्याच्या इतिहासाने त्यांचा उलगडा होत नाही. त्यासाठी शहराचा इतिहास लागतो.

वसईतील मराठी ख्रिस्ती साहित्याची परंपराही याच संदर्भात पाहावी लागेल. ‘सुवार्ता’ मासिकाने अनेक पिढ्यांचे वाचक आणि लेखक घडवले. त्याचे दीर्घकाळ संपादक राहिलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘हरित वसई’ चळवळीचे नेतृत्व केले. ते २०२० च्या उस्मानाबाद येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या निवडीच्या वेळी काहींनी त्यांच्या धर्मावर बोट ठेवून आक्षेप घेतले होते. तेव्हा वसईचा ख्रिस्ती माणूस मराठीचा वारसदार कसा, असा प्रश्न अप्रत्यक्षपणे विचारला गेला. हा प्रश्न विचारता येतो, कारण आपल्या सामूहिक स्मरणात वसईचे शहर नाही. केवळ शत्रूचा किल्ला आहे. जिथे किल्ला असतो तिथे आत शत्रू आणि बाहेर आपण, अशी विभागणी आपोआप होते. शहरात अशी सरळ रेघ ओढता येत नाही. इतिहासलेखनातील एका शब्दाची निवड जिवंत माणसांपर्यंत कशी पोहोचते, याचे याहून स्पष्ट उदाहरण सांगता येणार नाही.

८. जतनाचा प्रश्न

वसईचा किल्ला केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखालील स्मारक आहे. तटाची डागडुजी, दरवाजांची दुरुस्ती, चर्चच्या भिंतींना आधार अशी कामे वेळोवेळी झाली आहेत. स्थानिक इतिहासप्रेमी तरुण श्रमदान करतात, हेही नोंदवायला हवे. तरीही आतील घरांचे चौथरे, रस्त्यांच्या रेषा, विहिरी आणि लहान इमारती झाडीत दबलेल्याच असतात. स्मारक किल्ल्याचे असल्यामुळे लक्ष तटाकडे जाते. चित्रीकरणासाठी आणि छायाचित्रांसाठी येणाऱ्यांना भग्न कमान पुरते. ती कमान विद्यालयाची की मठाची, हा प्रश्न त्यांना पडत नाही.

जुलै २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. त्यांत वसई नाही. त्या यादीचे निकष वेगळे असल्याने याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. परंतु मराठ्यांच्या यादीत ते पोर्तुगीज बांधणीचे म्हणून बसत नाही, गोव्याच्या चर्च-मठांच्या यादीत ते गोव्याबाहेरचे म्हणून बसत नाही, ही वस्तुस्थिती विचार करायला लावते. दोन्ही परंपरांचा वारसा असलेले स्थळ कोणत्याही एका परंपरेला पूर्णपणे आपले वाटत नाही. तटाच्या आत नागेश महादेव आणि वज्रेश्वरीची देवळे आहेत, सेंट गोन्सालो गार्सिया यांच्या स्मरणाचा सोहळा होतो, बाहेर चिमाजी अप्पांचा अश्वारूढ पुतळा आहे आणि पलीकडे कोळ्यांच्या होड्या लागतात. हे सारे एकाच जागी असणे हीच वसईची खरी ओळख आहे.

९. निष्कर्ष

वरील समीक्षेतून पुढील निष्कर्ष निघतात.

(१) बखर, दा कुन्हांचा ग्रंथ, गॅझेटियर आणि आधुनिक राजकीय इतिहास या चारही साधनांनी वसईचा एकेक भाग विश्वासार्हपणे नोंदला आहे. चारही एकत्र वाचल्याशिवाय नगराचे चित्र तयार होत नाही. त्यांपैकी एकाचीच दृष्टी अभ्यासक्रमात रूढ झाल्यामुळे असमतोल निर्माण झाला.

(२) पोर्तुगीज राजवटीतील धार्मिक जाच आणि गुलामगिरी यांची नोंद, तसेच १७३९ च्या तहातील धर्माचरणाची मुभा या गोष्टी एकाच वेळी सांगितल्या पाहिजेत. एक सांगून दुसरी वगळणे म्हणजे वारशाचा प्रचारासाठी वापर करणे होय.

(३) नागरी वसईचा अभ्यास एका विषयाच्या विभागाला पेलणारा नाही. इतिहास, मराठी, समाजशास्त्र, भूगोल आणि स्थापत्य या विभागांनी मिळून समाधिशिळांची छायाचित्रांसह नोंद, देवळांतील घंटांची सूची, चर्चमधील नोंदवह्यांचा अभ्यास आणि कुपारी व वाडवळ बोलींचे ध्वनिमुद्रण हाती घ्यावे. बोली बोलणारी वृद्ध पिढी आहे तोवरच यांतले शेवटचे काम शक्य आहे.

(४) अध्यापनात ‘वसईचा किल्ला’ या संज्ञेबरोबर ‘वसईचे नगर’ ही संज्ञाही नियमाने वापरावी.

ज्या सेंट सेबॅस्टियन बुरुजाच्या लेखात किल्ला आणि शहर हे दोन्ही शब्द एकत्र कोरले होते, तोच बुरूज १७३९ च्या मे महिन्यात सुरुंगाने फोडला गेला. बुरूज फुटला, किल्ला पडला आणि मराठ्यांच्या इतिहासातील एक मोठा विजय नोंदला गेला. शहर मात्र त्या दिवशी पडले नव्हते. ते नंतर हळूहळू आपल्या दुर्लक्षाने पडले. त्यातले जे अजून उभे आहे ते वाचण्याची जबाबदारी आता अभ्यासकांची आणि शिक्षकांची आहे.